चव्वेचाळीस नद्यांच्या राज्यात

केरळचा नकाशा मी आजही डोळे मिटून काढीन. एकतीस वर्षं चिखली तालुक्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवला आणि दर वर्षी भारताच्या खालच्या डाव्या अंगाला ती मिरचीसारखी लांबट पट्टी फळ्यावर काढली. पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला अरबी समुद्र, मध्ये तीन पट्टे: डोंगराचा, उंचसखल जमिनीचा आणि किनाऱ्याचा. नद्या चव्वेचाळीस, त्यांतल्या एक्केचाळीस पश्चिमेकडे वाहणाऱ्या. पावसाळे दोन. "दोन कसे हो बाई?" असं दर वर्षी एक तरी पोरगी विचारायची. जूनमध्ये नैर्ऋत्येचा आणि ऑक्टोबरमध्ये ईशान्येचा, असं मी सांगायची आणि पोरी वहीत उतरवून घ्यायच्या. शाळा सुटली की त्या हापशावर घागरी घेऊन रांगेत उभ्या राहायच्या, आणि त्यांच्या मागे मीही उभी राहायची. त्या पोरींत आठवीपासून दहावीपर्यंत माझी वैशालीही होती.

ज्या राज्याने माझी लेक नेली ते राज्य मी सेवेतून निवृत्त होईपर्यंत पाहिलं नव्हतं. वैशालीने पुण्यात नोकरी करताना अनूप नावाच्या मल्याळी मुलाशी लग्न केलं, त्याला तीन वर्षं झाली. मुलगा आपल्यासारखाच शेतकऱ्याच्या घरातला आणि बँकेत नोकरीला आहे, हे मी घरात हजार वेळा सांगितलं. ह्यांनी एक शब्द बोलून दाखवला नाही, आणि लेकीशी तर तेव्हापासून बोललेच नाहीत. तिचा फोन आला की हे चपला घालून वांग्यांच्या वाफ्यात जायचे.

दसऱ्याला कळलं की वैशालीला दिवस गेलेत, चैत्रात बाळंत होईल. ह्यांनी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी बाजारच्या मिरच्या पोत्यात भरताना, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पहिलं बाळंतपण हाये. आपल्या घरीच झालं पाहिजे. तू जाऊन बोलून ये तिच्याशी. सातव्या महिन्यात आणू. मी काही बोलणार नाही."

"काही बोलणार नाही" हे ह्यांच्या तोंडून म्हणजे फार झालं. बापलेकीला एकमेकांची माफी मागायला लावणं माझ्या हयातीत होणार नव्हतं. पण लेक बाळंतपणाला माहेरी आली की बापाला शेक द्यायला शेणी आणाव्या लागतात, दवाखान्यात पळावं लागतं, नातवाला मांडीवर घ्यावं लागतं. न बोलता सगळं होऊन जातं. माझी सगळी आशा त्या एका रिवाजावर होती, म्हणून भाऊबीज झाल्याबरोबर मी निघाले.

नांदुरा

सोबतीला आक्का होत्या. आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण, वय सदुसष्ट, आयुष्यात खामगाव ओलांडून फार तर शेगावपर्यंत गेलेल्या. ह्यांनी त्यांना सोबत म्हणून धाडलं की माझ्यावर नजर ठेवायला, हे मी विचारलं नाही. आक्कांनी ज्वारीचं पीठ, ठेच्याची बरणी आणि बाळंतिणीला म्हणून आत्तापासूनच डिंक बांधून घेतला होता. मी फराळाचे चार डबे घेतले होते. चकल्या, अनारसे, शंकरपाळे, चिवडा. तीन दिवाळ्या लेकीने माझ्या हातचं खाल्लं नव्हतं.

हे नांदुऱ्याला सोडायला आले. फलाटावर सरकीचा वास होता आणि उन्हाला अजून चटका होता. गाडी आली तेव्हा आक्कांना वर चढवलं, डबे दिले आणि म्हणाले, "जपून." कोणाला जपून ते सांगितलं नाही.

भुसावळला गाडी बदलून आम्ही एर्नाकुलमच्या गाडीत बसलो आणि तिथून दीड दिवस बसूनच होतो. त्यातलं सांगण्यासारखं थोडंच. इगतपुरीनंतर गाडी घाट उतरली तेव्हा मी आक्कांना सांगितलं की हाच सह्याद्री, समुद्राकडून येणारे ढग हा अडवतो आणि सगळं पाणी अलीकडे पाडून घेतो. आपल्याकडे उरलंसुरलं येतं. आक्का खिडकीतून बराच वेळ पाहत राहिल्या. "मंग हा डोंगर कोणी ठेवला इथं?" त्यांनी विचारलं. एकतीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थिनीने हा प्रश्न विचारला नव्हता. विचारला असता तर मी तिला खाली बसवलं असतं.

दुसऱ्या दिवशी कासरगोडपासून केरळ सुरू झालं. पुस्तकातलं सगळं खरं निघालं, त्याचाच मला राग आला. गाडी दर पाच-दहा मिनिटांनी एखाद्या पुलावरून धडधडत जायची आणि खाली काठोकाठ भरलेली नदी असायची. एकीकडे समुद्र, दुसरीकडे नारळांच्या मागे डोंगराची निळी कड. डोंगर आणि समुद्र इतके जवळ की नदीला फार लांब वाहायला जागाच नाही. आमची पैनगंगा बुलढाण्याच्या डोंगरात उगवते आणि पार चंद्रपूरकडे चालत जाते. ती निम्मं वर्ष वाळूच वाहते. इथल्या नद्या सकाळी निघून संध्याकाळी समुद्राला मिळत असाव्यात, आणि तेवढ्या वेळात भरलेल्या असतात.

"हे सारं समुद्रात जाऊन राह्यलं?" आक्कांनी विचारलं.

"हो."

"अन् समुद्राले कमी हाये काय?"

समोरच्या बाकावरचा माणूस हसला. त्याला भाषा कळली नसावी, आक्कांचा चेहरा कळला असेल. आक्का नंतर कोझिकोडपर्यंत प्रत्येक पुलावर वाकून खाली पाहत राहिल्या.

शोरनूरजवळ

वैशालीचं सासर शोरनूर जंक्शनपासून अर्ध्या तासावर, त्या मधल्या उंचसखल पट्ट्यात. तांबड्या जांभ्या दगडाची जमीन, तिच्यावर एकेक घर आपापल्या झाडांत बुडालेलं. गाव कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. आपल्याकडे घरं एकमेकांना चिकटून बसतात, कारण सगळ्यांना एकाच विहिरीजवळ राहायचं असतं. इथं प्रत्येकाच्या अंगणात स्वतःची विहीर, मग शेजाऱ्याजवळ कशाला जावं? भूगोल माणसाला असा वागवतो. हे मी शिकवायला हवं होतं, पण परीक्षेला येत नव्हतं.

वैशाली फाटकात उभी होती. चौथा महिना, पोट अजून दिसत नव्हतं, पण गाल भरले होते आणि रंग उजळला होता. तिने मला मिठी मारली, आत्याच्या पाया पडली. आक्कांनी तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली आणि मग डोळे पुसत विहिरीत वाकून पाहिलं. पाणी हाताला लागेल इतकं वर होतं. "काठावर आलं वं," आक्का म्हणाल्या, आणि दोन पावलं मागे सरकल्या.

घरात अनूपची आई, तिला सगळे अम्मा म्हणतात. ठेंगणी, पांढरं मुंडू नेसलेली, कपाळाला चंदन. तिला मराठी येत नाही, मला मल्याळम येत नाही, तरी पहिल्याच दुपारी आमचं जमलं, कारण दोघींना गुडघेदुखी. जेवायला जाडा लालसर भात, सांबार, खोबऱ्यातली केळफुलाची भाजी. प्यायला गुलाबी कोमट पाणी. कसल्याशा लाकडाच्या साली टाकून उकळतात. आक्कांनी पेला नाकाशी नेला, खाली ठेवला आणि म्हणाल्या, "इतकं पाणी असून धड पाण्यासारखं पेत नाईत."

फराळाचे डबे मी मोठ्या हौसेने उघडले. गावात दिवाळीचा पत्ताच नव्हता, इकडे तो मोठा सण नाही. निदान घरात तरी दिवाळी करू म्हटलं. चिवडा चिवट झाला होता, चकली वाकवली तर वाकली, अनारशांना कडेने हिरवट बुरशी धरली होती. दीड दिवस गाडीत आणि एक दिवस ह्या हवेत, एवढ्यात सगळं सादळलं. आपल्याकडे हेच डबे तुळशीच्या लग्नापर्यंत कुरकुरीत राहतात. हवेत किती बाष्प असतं हे टक्क्यांत शिकवणारी मी, डब्यांना साधा प्लास्टिकचा कागद लावायला विसरले. वैशालीने तरी एक मऊ चकली खाल्ली आणि "छान झालीये" म्हणाली. लेक खोटं बोलते तेव्हा उजवीकडे पाहते, हे मला ती पाच वर्षांची असल्यापासून माहीत आहे.

चार वाजता पूर्वेकडून आभाळ काळं झालं, वीज कडाडली आणि दीड तास पाऊस कोसळला. सहाला पुन्हा लख्ख. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा तेच. हाच तो ईशान्येचा परतीचा पाऊस, 'तुलावर्षम्' म्हणतात त्याला. अम्मा साडेतीनला दोरीवरचे कपडे काढायची, घड्याळ न पाहता. आमच्याकडे मृगात पेरायचं की आर्द्रात ह्यावर हे रात्ररात्र कूस बदलतात, आणि इथं आभाळ कामावर येणाऱ्या माणसासारखं वेळेवर येतं. मी ओसरीवर बसून तो पाऊस पाहिला. तुम्हाला वाटेल की सुंदर वाटलं असेल. मला रडू आलं ते सौंदर्याने नव्हे, चिडून आलं.

मी कशासाठी आले हे अनूपने तिसऱ्या दिवशी आईला सांगितलं. अम्माने लगेच मान हलवली. अनूप त्याच्या हिंदीत म्हणाला, "अम्मा बोलती है, सातवां महीना में लेके जाइए. पहला बच्चा माँ के घर. हमारे में भी ऐसाइच है."

म्हणजे रिवाज दोन्हीकडे एकच. मला वाटलं होतं सासूशी भांडावं लागेल, तर ती बाई माझ्याच बाजूची निघाली. मी आनंदाने वैशालीकडे पाहिलं. ती केळीच्या पानावरचं पाणी फडक्याने पुसत होती. "बघू आई," ती म्हणाली, "अजून वेळ आहे." आणि उजवीकडे पाहिलं.

पालक्काडची खिंड

पुढच्या दिवशी अनूपने मित्राची गाडी आणली. "टीचर को गॅप दिखाना है," म्हणाला. मीच त्याला सांगितलं होतं की पालक्काडची खिंड पाहिल्याशिवाय मी परत जाणार नाही. साऱ्या सह्याद्रीत एवढी मोठी फट दुसरी नाही. उत्तरेला निलगिरी, दक्षिणेला अनैमलाई, मध्ये तीसेक किलोमीटर भिंतच नाही.

रस्ता भारतपुळेच्या काठाने जात होता. एवढी मोठी नदी, पण पात्रात ठिकठिकाणी वाळूचे उंचवटे आणि माणसाच्या उंचीचं गवत. वाळू उपसून उपसून पात्राची ही गत झाली, असं अनूप म्हणाला. मला उगीच बरं वाटलं. दुसऱ्याच्या नदीचं वाईट झालेलं ऐकून बरं वाटावं इतकी मी कडू झाले आहे, हे तिथं गाडीत कळलं.

पालक्काडच्या पुढे झाडी विरळ झाली, नारळांऐवजी ताड आले. खिंडीतून तमिळनाडूकडचा कोरडा वारा येत होता. चित्तूरच्या पुढे मी एकदम "थांबव" म्हणाले. रस्त्याच्या कडेला काळी जमीन होती. आपली, भेगाळणारी काळी जमीन, भुईमूग काढलेली. पुस्तकात एका ओळीत आहे की केरळात पालक्काडच्या पूर्वेला थोडी काळी मृदा आढळते. ती ओळ मी दर वर्षी घाईत वाचून पुढे जायची. आक्का गाडीतून उतरल्या, ढेकूळ हातात घेतलं, बोटांत चुरलं, वास घेतला.

"हे तं आपलं वावर हाये," त्या म्हणाल्या. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर सुख दिसलं.

मग मला घरं दिसली. प्रत्येक दारासमोर, आमच्या गावासारखेच, निळे प्लास्टिकचे ड्रम ओळीने मांडलेले. त्यांवर झाकणं, झाकणांवर दगड. अनूपला विचारलं तर म्हणाला की ह्या भागात उन्हाळ्यात टँकर लागतो. आणि हसत हसत पुढे सांगू लागला: लग्नानंतर त्याची बदली इकडेच होती. बँकेजवळ चांगलं घर मिळत होतं. "वैशू को दिखाने लाया. उसने ड्रम देखा, गाडी से उतरी ही नहीं. बोली, वापस चलो." त्याने दीड वर्ष शोरनूरहून रोज येजा केली.

त्याला ती गंमत वाटत होती. वैशाली पुढच्या सीटवर होती, ती हसली नाही. मीही हसले नाही. आक्का ढेकूळ पदराला बांधत होत्या, त्यांना हिंदीतलं सगळं कळलं की नाही कोण जाणे.

पुन्हा शोरनूरजवळ

आता माझी चूक सांगते. ही चूक बुलढाण्याच्या बाईशिवाय कोणी करणार नाही.

आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे मागच्या अंगणात नळाचा आवाज आला. अम्मा भांडी घासत होती. ती आत गेली आणि नळ तसाच बारीक चालू राहिला. तुम्ही आमच्याकडचे असाल तर तुम्हाला माहीत आहे, नळाचा आवाज आला की झोपेतही हात घागर शोधतात. आमच्या गावी पावसाळ्यानंतर सहाव्या दिवशी नळ येतो, उन्हाळ्यात बाराव्या-पंधराव्या दिवशी. मी उठून बसले तर आक्का माझ्या आधी उठलेल्या. आम्ही दोघी एकमेकींशी न बोलता कामाला लागलो. बादल्या भरल्या, पातेली भरली, अम्माचं पसरट पितळी पातेलं, उरळी, तेही भरलं, रंगाचे रिकामे डबे धुऊन भरले. जिन्याखाली प्लास्टिकचं एक मोठं गुलाबी घंगाळ होतं, तेही भरलं. सगळ्यावर ताटल्या झाकल्या. अर्ध्या तासात आठ दिवसांची बेगमी झाली आणि मला घरी असल्यासारखं वाटलं.

वैशालीने पाहिलं तेव्हा ती हसली. "आई, इथं रोज येतं पाणी." मी म्हटलं, असू दे, कामी येईल. तिने पुढचीच भांडी रिकामी केली. जिन्याखालची तिला दिसली नाहीत, आणि त्या गडबडीत आम्हीही विसरलो.

सातव्या दिवशी गावातली आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्यसेविका, आली. ह्या बाया आठवड्यातून एकदा घरोघर फिरून साचलेलं पाणी शोधतात, कारण डास, आणि डासांचा ताप. घरात गरोदर बाई असली की जास्तच बारकाईने पाहतात. तिने परसदार पाहिलं, करवंट्या उलट्या केल्या, आणि जिन्याखाली वाकली. घंगाळावरची ताटली उचलून तिने मोबाईलचा उजेड पाडला. पाण्यात बारीक काळे किडे वळवळत होते.

ती अम्माला काहीतरी बोलली, फार जोरात नाही. अम्माचा चेहरा उतरला. आणि मग आशाताईने घंगाळ दोन्ही हातांनी धरून पालथं केलं.

आक्का धावल्या. "अवं, सांडू नको वं! झाडाले तरी घाल!" त्यांनी तिचा हात धरला. त्या बाईला कळेना. तिने हात सोडवून एकेक डबा पालथा केला. पाणी उतारावरून नारळांच्या बुंध्यांकडे वाहत गेलं आणि आधीच ओल्या असलेल्या जमिनीत कुठं गेलं ते दिसलंही नाही. आक्का पायरीवर बसून राहिल्या. मला त्या बाईचा राग नव्हता, ती बरोबर होती. पण भरलेलं भांडं पालथं होताना पाहणं मला जमत नाही, अजूनही जमत नाही.

वैशाली दारात उभी होती. आशाताई गेल्यावर ती घंगाळ उचलून आत ठेवायला निघाली. तेव्हा मला कळलं की ते नवं होतं, बाळाच्या आंघोळीचं. अनूपने हौसेने आत्तापासून आणून ठेवलेलं.

"वैशू, चुकलं माझं," मी म्हटलं. "आपल्या घरी असं होणार नाही. तिथं मी सगळं निगुतीनं—"

"मी येणार नाही, आई."

तिने घंगाळ खाली ठेवलं. तीन वर्षं ती माझ्याशी फोनवर पुण्याच्या बोलीत बोलत होती. आता तिची जुनी बोली परत आली.

"काऊन नाही, ते ऐक. काकू बाळंत झाली तवा मी आठवीत होती. मे महिना होता. बाळंतिणीले पाणी लागते म्हणून मी अन् काकूची थोरली सोनी पाच पाच दिवस बिनआंघोळीच्या राह्यलो. काकू न्हाली का ते पाणी खाली परातीत धरत होतो, अन् त्याच्यात दुपटे धूत होतो. आठवते तुले? त्या पोराच्या अंगावर फोड आले होते. काकू दर वेळी पाणी मागताना हात जोडे. बाळंतीण बाई, अन् तांब्याभर पाण्यासाठी माह्यापुढं हात जोडे. मी तेराची होती."

मला आठवत होतं. मी त्या दिवसांत तिला म्हणायची, माझी लेक किती गुणाची, तक्रार करत नाही.

"बाबा वाट पाहून राह्यले," मी म्हटलं.

आक्का पायरीवरूनच म्हणाल्या, "तुह्या बापानं स्वतः म्हणलं पोरी, आणा तिले. त्याले इतकं म्हणायले तीन वर्षं लागली."

"मंग त्याईले इकडं आणा आत्या. मी नाही म्हणून राह्यली काय? घर हाये, खाट हाये." तिचा आवाज फाटला. "पण मी माह्या लेकराले घेऊन तुमच्या ड्रमांपाशी नाही बसणार. आई, तूच शिकवलं न मले? कुठं किती पाऊस पडते ते. मी नीट शिकली."

ती आत गेली. अम्मा काही न समजून कोमट गुलाबी पाण्याचे दोन पेले घेऊन आली. आक्का ते पाणी पहिल्यांदाच पूर्ण प्याल्या. चार वाजता पाऊस आला.

घरी

परतीच्या प्रवासाचं काहीही सांगण्यासारखं नाही. पूल आले, नद्या आल्या, मी खिडकीचं शटर ओढून घेतलं. आक्का घाट चढल्यावर एवढंच म्हणाल्या, "वहिनी, भावाले मी नाही सांगणार. तू सांगजो."

नांदुऱ्याहून बस, बसमधून ऑटो. अंगणात शिरले आणि थांबले. तुळशीच्या बाजूला, जिथं ह्यांची मोटारसायकल असते तिथं, विटांच्या नव्या चौथऱ्यावर काळी टाकी उभी होती. माझ्या डोक्यापेक्षा उंच. बाजूला सिमेंटचे शिंतोडे अजून ओले होते. पाईप नेऊन न्हाणीघरात सोडला होता आणि तिथं नवी तोटी बसवली होती. न्हाणीघराच्या दाराला आतून कडी नव्हती, वर्षानुवर्षं नव्हती, तीही लावली होती.

हे टाकीमागून हात पुसत आले. "पाच हजार लिटरची हाये," म्हणाले. "नळाचं साठवू, कमी पडलं तं टँकर सांगू. दोन महिने तिले मोजून पाणी वापरा लागणार नाही." मग, "कधी येते म्हणे?"

आक्का पिशवी घेऊन सरळ घरात गेल्या. मी काही बोलायच्या आत फोन वाजला. वैशाली होती, पोचलात का विचारायला. माझा फोन नेहमी स्पीकरवर असतो, कान कमी झालेत म्हणून. ह्या वेळी हे चपलांकडे गेले नाहीत. टाकीवर हात ठेवून उभे राहिले.

मला वाटलं, आत्ता सांगितलं तर होईल. मी घाईघाईने म्हटलं, "वैशू, ऐक. बाबांनी टाकी आणली. मोठी. तुझ्यासाठी. न्हाणीघरात तोटी बसवली. तुला मोजावं लागणार नाही, म्हणतात."

मग ती म्हणाली, अगदी हळू, रागाने नाही, "चैत्रात ती भरणार कशानं, आई?"

मी एकतीस वर्षं भूगोल शिकवलेली बाई. मला उत्तर माहीत होतं.

ह्यांनी तीन वर्षांनी लेकीचा आवाज ऐकला तो हा. ह्यांनी टाकीवरचा हात काढला. माझ्या हातातल्या फोनकडे पाहत म्हणाले, "तिले म्हण, तिथंच राह्य. तिथंच बरं हाये." आणि फाटकाकडे चालू लागले.

"बाबा?" फोनमधून आवाज आला. "बाबा, तुम्ही आहात तिथं? बाबा?"

ते तोवर रस्त्याला लागले होते. मी लेकीला सांगितलं की ते गेले.